शिंग, तुतारी आणि फ्रेंच हॉर्न : गाणं एका वाद्यावरून दुसऱ्या वाद्यावर जाताना



आजचा पाठ पाठ्यपुस्तकातला नाही. कला शिक्षण, परिसर अभ्यास आणि थोडं गणित अशा तिन्ही विषयांत तो बसतो. पण आधी तो कुठून सुरू झाला ते सांगते, कारण त्यात माझी एक चूक आहे.

१५ ऑगस्टच्या समूहगीताची तयारी चालू होती. माझा चौथीचा वर्ग. पनवेलच्या पावसात मैदानावर जाता येत नाही, म्हणून वर्गातच सराव. एका मुलाचा आवाज घोगरा, आणि वरच्या सुरावर गेला की फाटायचा. बाकीची मुलं हसायची आणि गाणं तिथेच थांबायचं. दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "तू सगळ्यांबरोबर उभा राहा, फक्त ओठ हलव." तो हो म्हणाला. १५ ऑगस्टला त्याने अगदी मनापासून ओठ हलवले. कार्यक्रम छान झाला, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि मी ते विसरूनही गेले.

पुढे पालकसभेला त्याचे वडील आले. ते लग्नसराईत ब्रास बँडमध्ये वाजवतात. बोलता बोलता म्हणाले, "बाई, आमच्या धंद्यात सगळं ओठांवरच असतं. ओठ हलले नाहीत तर नुसती हवा जाते." ते आपल्या वाद्याबद्दल बोलत होते. मला मात्र माझं वाक्य आठवलं. त्या आठवड्यात मी हा पाठ तयार केला.

पाठाची सुरुवात : शिंग म्हणजे हॉर्न

वर्गात विचारलं, "शिंग फुंकलेलं कोणी बघितलंय?" तुतारी सगळ्यांना माहीत होती. पालखी, शिवजयंती, पाहुण्यांचं स्वागत, लग्न, सगळीकडे ती दिसते. 'रणशिंग फुंकणे' हा वाक्प्रचारही मुलांनी सांगितला. मग फळ्यावर लिहिलं : इंग्रजीत हॉर्न म्हणजे शिंग. आधी जनावराचं खरं शिंग, मग त्याच आकाराची धातूची नळी. आपल्याकडे तिची तुतारी झाली. युरोपात शिकारीच्या वेळी इशारा द्यायला अशीच गोल वळवलेली नळी वापरत. त्यातूनच आजचा फ्रेंच हॉर्न आला. नावात फ्रेंच असलं तरी आज वाजतो तो हॉर्न मुख्यतः जर्मनीत घडत गेला.

मग सगळ्यांना ओठ मिटून फुर्रर्र करायला सांगितलं. लहान मुलं मोटार-मोटार खेळताना करतात तसं. हसाहशी झाली, होऊ द्यावी. मग समजावलं : बासरीत हवा कडेवर आपटते, सनईत जिव्हाळी थरथरते, आणि तुतारी-हॉर्नमध्ये वाजवणाऱ्याचे स्वतःचे ओठ थरथरतात. नळी ती थरथर मोठी करते आणि तिला सूर देते. म्हणजे या वाद्याची जिव्हाळी माणसाच्या तोंडातच असते.

कृती १ : बारा फुटांची दोरी

साहित्य : सुतळी, मोजपट्टी.

मुलांनी गटागटाने १२ फूट सुतळी मोजून व्हरांड्यात सरळ ठेवली. मी सांगितलं, नेहमीच्या एफ हॉर्नची नळी उलगडली तर सुमारे एवढी भरते, म्हणजे जवळजवळ पावणेचार मीटर. मुलांचा विश्वास बसेना. मग तीच सुतळी गुंडाळायला लावली. गुंडाळी मांडीवर मावली. हॉर्न असा वाटोळा का असतो, हे वेगळं सांगावं लागलं नाही.

कृती २ : पाइप आणि नरसाळं

साहित्य : बागेला पाणी घालायचा साधारण दीड मीटर पाइप, प्लॅस्टिकचं नरसाळं, चिकटपट्टी.

पाइपच्या एका टोकाला नरसाळं घट्ट बसवा. दुसऱ्या टोकाची कड सँडपेपरने घासून गुळगुळीत करा. ओठ टेकवून फुर्रर्र करा. एक सूचना : एकच टोक सगळ्यांनी तोंडाला लावू नये. दर मुलामागे ते साबणाच्या पाण्याने धुवा, नाहीतर दोन-तीनच मुलांना वाजवू द्या.

सवय झाली की त्या पाइपमधून दोन-तीन सूर येतात. ओठ सैल ठेवले की खालचा, आवळले की वरचा. पेटीवर तपासलं तर ते साधारण सा, प आणि वरचा सा निघतात. नळी एकच, बोटाने काही दाबायचं नाही, तरी सूर वेगळे. या सुरांची रांग निसर्गानेच ठरवलेली आहे : सा, प, सा, ग, प... खाली सुरांमध्ये मोठी अंतरं असतात, वर जावं तसे सूर जवळ जवळ येतात. तुतारीचा ठेका असा ठरावीक सुरांवर का असतो, त्याचं उत्तर इथे मिळतं.

आता वर्गाला विचारा : "नुसत्या सा आणि प वर आपली प्रार्थना वाजेल का?" नाही वाजणार. मग काय करायचं?

युरोपातल्या वादकांनी दोन उपाय शोधले. पहिला हाताचा. अठराव्या शतकाच्या मध्यात ड्रेस्डेनचे वादक हाम्पेल यांनी उजवा हात हॉर्नच्या कर्ण्यात घालून सूर खाली आणायची पद्धत नीट बसवली. अशा दाबलेल्या सुराचा आवाज थोडा गुदमरलेला येतो, पण मधले सूर मिळतात. बीथोव्हेनने १८०० मध्ये जोव्हान्नी पुंटो या वादकासाठी हॉर्न आणि पियानोचा सोनाटा लिहिला, तो याच पद्धतीच्या हॉर्नसाठी. दुसरा उपाय व्हॉल्व्हचा. श्ट्योलत्सेल आणि ब्ल्यूमेल या दोघांनी १८१८ मध्ये व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं. व्हॉल्व्ह दाबला की हवा जादा नळीतून फिरून जाते, नळी लांब होते, सूर उतरतो. आता सगळे सूर वाजू लागले. हे व्हॉल्व्ह डाव्या हाताने दाबतात, आणि उजवा हात आजही कर्ण्यातच असतो.

मुलांना आवडलेली अजून एक गोष्ट : हॉर्नचं तोंड वादकाच्या मागच्या बाजूला असतं. आवाज आधी मागे जातो, भिंतीवर आपटतो आणि मग आपल्याकडे येतो. मी मागे एकदा नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा कार्यक्रम ऐकला होता. हा वाद्यवृंद २००६ मध्ये मुंबईत सुरू झाला. तिथे हॉर्नवादक मध्येच वाद्य फिरवून पाणी काढताना दिसले. ते पाणी म्हणजे बहुतेक श्वासातली वाफ, थंड धातूवर जमलेली. वर्गात हे सांगितल्यावर पाच मिनिटं दुसरा विषय निघाला नाही.

हॉर्न आणि पियानो : दोघांची बैठक

युरोपीय संगीत म्हटलं की मोठा वाद्यवृंद डोळ्यांसमोर येतो. पण त्यांच्याकडेही आपल्या घरगुती बैठकीसारखा प्रकार आहे. त्याला चेंबर म्युझिक म्हणतात. चेंबर म्हणजे खोली. दोन, तीन, चार वादक, प्रत्येकाचं काम वेगळं, कोणी नुसती साथ करत नाही. एकोणिसाव्या शतकात, ज्याला संगीतातला रोमँटिक काळ म्हणतात, घराघरांत पियानो आले. तेव्हा रेकॉर्ड नव्हती, रेडिओ नव्हता. एखादी रचना पुन्हा ऐकायची तर कोणीतरी ती वाजवायलाच हवी. म्हणून प्रकाशक एकच रचना वेगवेगळ्या वाद्यांसाठी छापत. घरात जे वाद्य असेल त्यावर ती वाजे.

पियानो आणि हॉर्न ही जोडी मुलांना समजावायला सोपी आहे. पियानोत हातोडी तारेवर आपटते. सूर निघतो आणि लगेच विरू लागतो, त्याला नंतर वाढवता येत नाही. हॉर्नचा सूर श्वास असेपर्यंत टिकतो, मध्येच फुलवताही येतो. पण श्वास संपतो. पियानोला श्वास घ्यावा लागत नाही, तो एका वेळी दहा बोटांनी दहा सूर वाजवतो. हॉर्नला एका वेळी एकच. एकाकडे जे नाही ते दुसऱ्याकडे आहे, म्हणून त्यांचं जमतं.

रॉबर्ट शुमान या जर्मन संगीतकाराने १८४९ मध्ये हॉर्न आणि पियानोसाठी 'अडाजिओ आणि अलेग्रो' लिहिलं. ओपस ७०, म्हणजे रचनाक्रमांक ७०. अडाजिओ म्हणजे संथ, अलेग्रो म्हणजे जलद. आपल्या विलंबित आणि द्रुतची आठवण होते, पण घाट वेगळा आहे. व्हॉल्व्हचं पेटंट निघून तेव्हा तीसेक वर्षं झाली होती. व्हॉल्व्हशिवाय असं लांब, सलग गाणारं हॉर्न लिहिणं शक्य नव्हतं. ही रचना छापताना हॉर्नऐवजी चेलो किंवा व्हायोलिनही चालेल अशी सोय ठेवली होती. आज ती चेलोवादकही मोठ्या आवडीने वाजवतात.

वाद्य बदलताना काय बदलतं?

माझ्या पाठाचा गाभा इथे आहे. एका वाद्याची रचना दुसऱ्या वाद्यासाठी बसवणं, याला अरेंजमेंट म्हणतात. हिंदी-मराठी गाण्यांच्या श्रेयनामावलीत 'संगीत संयोजक' हे नाव आपण वाचतो, अनिल मोहिलेंसारख्यांचं. चाल दुसऱ्याची असते, पण ती कोणत्या वाद्याला द्यायची, किती द्यायची, हे संयोजक ठरवतो.

चेलोची रचना हॉर्नवर आणायची तर चार प्रश्न पडतात.

१. पट्टी : मूळ सूर या वाद्याला झेपतात का? की सगळी रचना खाली-वर सरकवायची?

२. श्वास : चेलोचा गज फिरत राहतो, हॉर्नवाल्याला श्वास घ्यायचाच आहे. तो कुठे घेतला तर वाक्य तुटणार नाही?

३. जोर : पियानो याला झाकून टाकेल का, की हा पियानोला?

४. स्वभाव : या वाद्याला शोभेल असं यात काय आहे, आणि काय सोडून द्यावं लागेल?

कामीय सँ-साँस या फ्रेंच संगीतकाराने १८८६ मध्ये लिहिलेला 'हंस' घ्या. मूळ चेलोसाठी, साथीला दोन पियानो. ही रचना हॉर्नवरही वाजवतात. वर्गात आधी चेलोवरची ऐकवली, मग हॉर्नवरची. विचारलं, "दुसऱ्या वेळी हंस कुठे थांबला?" मुलांनी श्वासाच्या जागा बरोबर ओळखल्या. एक मुलगी म्हणाली, "बाई, पहिला हंस जवळ आहे, दुसरा तळ्याच्या पलीकडे आहे." मी यात काही दुरुस्ती केली नाही.

मग वाद्य बदललेलं चालतं की नाही? शुमानचीच दोन उत्तरं आहेत. हॉर्नची रचना चेलोवर गेली तर त्याची हरकत नव्हती. पण त्याच १८४९ सालच्या डिसेंबरमध्ये त्याने ओबो आणि पियानोसाठी तीन 'रोमान्स' लिहिले, ओपस ९४. प्रकाशकाने विचारलं, ओबो किंवा क्लॅरिनेट असं छापू का? शुमानने नकार दिला. त्याचं म्हणणं असं की क्लॅरिनेटसाठी लिहायचं असतं तर मी काहीतरी वेगळंच लिहिलं असतं. आज हे रोमान्स क्लॅरिनेटवर वाजतात आणि हॉर्नवरही. त्याच्या नकारात तथ्य नाही असं मात्र नाही. या रोमान्समध्ये श्वासाला फारशी जागाच नाही. ओबोवाल्यांनाही ते दमवतात, आणि हॉर्नला तर ओबोपेक्षा जास्त हवा लागते. म्हणजे संयोजकाने नुसते सूर उतरवून भागत नाही. ज्याच्या हातात हे जाणार आहे, त्याचा दम किती आहे, हे आधी बघावं लागतं.

ब्राम्सची गोष्ट याच्या उलट. लहानपणी तो बिनव्हॉल्व्हचा साधा हॉर्न शिकला होता. १८६५ मध्ये त्याची आई गेली. त्याच वर्षी त्याने हॉर्न, व्हायोलिन आणि पियानोचं त्रिकूट लिहिलं, ओपस ४०. व्हॉल्व्हचा हॉर्न तेव्हा सगळीकडे झाला होता, तरी याने जुना साधा हॉर्नच मागितला. त्याला त्याचा दबका, हाताने झाकलेला आवाज हवा होता. जी उणीव म्हणून लोक सोडून देत होते, तीच त्याच्या कामाची होती.

आपल्या घरातलं उदाहरण : पेटी

पालकांना हे सगळं लांबचं वाटेल, म्हणून पेटीकडे वळते. हार्मोनियमसुद्धा परदेशातून आलेलं. पॅरिसच्या दबँने १८४२ च्या सुमारास या नावाने पेटंट घेतलेलं वाद्य. आपल्याकडे त्याचा पायाचा भाता गेला, हाताचा आला, ते मांडी घालून वाजवायचं झालं. पेटीवर मींड निघत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, कारण सूर पट्ट्यांत तुटलेले असतात. याच कारणावरून १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती सुमारे तीस वर्षं टिकली.

तरी पेटी थांबली नाही. 'मानापमान' हे नाटक १९११ मध्ये रंगभूमीवर आलं. त्याच्या पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक होते. गळ्यातली गायकी पेटीवर आणायची, तर जे निघत नाही त्याच्या मागे न लागता जे निघतं ते खुलवायचं, ही वाट त्यांच्यासारख्यांनी दाखवली. पुढे गोव्याचे पंडित तुळशीदास बोरकर यांच्यापर्यंत ती परंपरा आली. हॉर्नवर शुमान बसवणारा आणि पेटीवर नाट्यपद बसवणारा, दोघांपुढे प्रश्न एकच असतो.

पुन्हा समूहगीताकडे

हे सगळं फळ्यावर लिहिताना पहिल्याच मुद्द्यावर माझा हात थांबला. पट्टी. १५ ऑगस्टचं गाणं मी कोणत्या पट्टीत बसवलं होतं? मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगच्या. ती एका मोठ्या, तयार गायिकेची पट्टी. चौथीतल्या चौतीस मुलांचे गळे मी एकदाही तपासले नव्हते. डी.एड.ला असताना संगीताचे मोजके तास झाले, त्यात पेटीवर अलंकार वाजवायला शिकले, पण गाणं मुलांच्या गळ्याच्या मापाने घ्यायचं असतं हे तिथे माझ्या डोक्यात शिरलं नाही. नवं वाद्य आलं की संयोजक रचना सरकवतो. मी मुलालाच सरकवलं होतं.

२६ जानेवारीचं गाणं बसवताना आधी एक दिवस फक्त पट्टी शोधण्यात घालवला. पेटीवर तीन पट्ट्या खाली आलो. लांब ओळीत श्वासाच्या दोन जागा ठरवून फळ्यावर स्वल्पविरामासारख्या खुणा केल्या. तो मुलगा गायला. त्याचा आवाज अजून घोगराच आहे, पण आता फाटत नाही. मला धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीने. आणखी पाच-सहा मुलं मोकळी गाऊ लागली. ऑगस्टमध्ये ती कोणी न सांगताच ओठ हलवत होती, आणि मला पत्ताही नव्हता.

पाइपवर वरचा सा सगळ्यांत आधी त्यानेच काढला, हे सांगायचं राहिलं. घरी बघून बघून त्याला ओठ आवळायची सवय होती. मुलं म्हणाली, "परत वाजव." दुसऱ्या वेळी सूर फुटला, सगळे हसले, तोही हसला. मी सांगितलं की हॉर्नचे वरचे सूर इतके जवळ जवळ असतात की मोठमोठ्या वादकांचाही सूर फुटतो. त्याच्या वडिलांनी मग एक दिवस बँडमधलं वाद्य शाळेत आणून दाखवलं. गणवेशातली टोपीही आणली होती. 'बँडवाला' या शब्दावर वर्गात पूर्वी जे हसू यायचं, ते त्या दिवशी ऐकू आलं नाही.

वर्गात घेण्यासाठी कृती : एक ओळ, तीन वाद्यं

प्रार्थनेची एक ओळ निवडा. आधी सगळ्यांनी गा. मग तीच पेटीवर वाजवा. मग फक्त शिट्टीवर किंवा तोंड मिटून गुणगुणा. प्रत्येक वेळी मुलांनी वहीत तीन गोष्टी लिहायच्या : काय तसंच राहिलं? काय गेलं? काय नवीन आलं?

चर्चेसाठी प्रश्न

१. तुतारीवर सगळी गाणी का वाजत नाहीत?

२. नळी लांब केली तर सूर चढेल की उतरेल? पाइप कापून तपासा.

३. 'हंस' तुतारीवर वाजवायचा असेल तर तुम्ही काय ठेवाल, काय सोडाल?

४. तुमच्या घरात कोण कोणतं वाद्य वाजवतं? त्यांना श्वासाबद्दल एक प्रश्न विचारून या.

शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी

ऐकवायचं असेल तर आधी सँ-साँसचा 'हंस' घ्या, तो तीनेक मिनिटांचा आहे. शुमानच्या ओपस ७० चा संथ भाग चौथीला जरा लांब वाटतो, सहावी-सातवीला चालतो. एकाच रचनेची हॉर्नवरची आणि चेलोवरची अशी दोन्ही रूपं शोधून लागोपाठ लावा. मधे काही बोलू नका.

आणि एक विनंती. स्नेहसंमेलन असो की परिपाठ, गाणं बसवायच्या आधी पट्टी तपासा. तुमच्या वर्गात कोण नुसते ओठ हलवतंय, ते एकदा रांगेतून फिरून, कान देऊन बघा. मला ते कळायला चार-पाच महिने लागले. तुमच्या वर्गात काय आढळलं ते नक्की कळवा.